मॅपवर वाळू दिसते, गेलं की गुडघाभर चिखल: खाडीकाठच्या जागा सॅटेलाइटवरून शोधताना दरवेळी होणारा घोळ

दिवाळी झाली की बाहेरून आलेले चिखल्या, तुतवार हे पक्षी आपल्या खाड्यांवर दिसायला लागतात आणि त्याच सुमाराला मला फोन पण यायला लागतात. फोन दोनच प्रकारचे. एक म्हणजे "सॅटेलाइटवर चांगली मोकळी वाळू दिसत होती, खाली उतरलो तर दहा पावलांत गुडघ्यापर्यंत रुतलो". दुसरा बरोब्बर उलटा, "मॅपवर एवढं मोठं चिखलाचं मैदान होतं, तीन तास गाडी चालवून आलो तर इथे बांधाला पाणी लागलंय, पक्षी एक नाही". दोघांना वाटतं मॅप जुना आहे. मॅप जुना असतो कधी कधी, पण बहुतेक वेळा घोळ वेगळाच असतो. आपण मॅपवर जागा बघतो, पण तो फोटो भरतीचा आहे की ओहोटीचा हे बघतच नाही. खाडीकाठी ते बघितल्याशिवाय फोटोला काही अर्थ नाही, कारण डोंगराचा फोटो सकाळी काढला काय नि संध्याकाळी काढला काय, डोंगर तोच, पण खाडीत सहा तासांत अख्खी जागा पाण्याखाली जाते नाहीतर पाण्याबाहेर येते.

मी रत्नागिरीचा, गेली आठ-नऊ वर्षं थंडीत खाड्यांवर फिरतोय, मुख्यतः जिथे रस्ता जात नाही आणि माणसं जात नाहीत अशा जागा. पहिल्या वर्षी मालवणजवळच्या कालावल खाडीत आतल्या बाजूला मॅपवर एक फिकट पट्टा बघून ठेवला होता, कडेने तिवरं (कांदळवनाची झाडं), मध्ये मोकळं, मला वाटलं वाळूची पट्टी आहे, तिच्यावरून सरळ पाण्याच्या कडेपर्यंत जाता येईल. उतरायला लागलो तर पलीकडे मुळे (शिंपल्या) काढत बसलेल्या एका आजींनी लांबूनच ओरडून थांबवलं. "रे बाबा, थंय खंय चललंस? थंय वाळू नाय, नुसतो चिखल. कमरेपर्यंत जातलंस!" मी तरी चार पावलं टाकली होतीच, चौथं पाऊल मांडीपर्यंत गेलं. आजींनी सांगितलं म्हणून मागे झोपून हळूहळू पाय सोडवून परत आलो, नाहीतर भरती यायला दोनच तास होते आणि आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. घरी येऊन तोच फोटो परत उघडला आणि तेव्हापासून हा सगळा अभ्यास सुरू झाला.

सगळ्यात आधी फोटोची तारीख काढा. फोनवरच्या गुगल मॅप्समध्ये ती मिळत नाही, खाली जे साल दिसतं ते कॉपीराइटचं साल असतं, फोटो त्या वर्षीचाच असेल असं अजिबात नाही, आणि ही चूक मी खूप जणांची बघितलीय. कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो टाका, फुकट आहे, त्यात खालच्या पट्टीत तारीख येते आणि वर घड्याळाचं चिन्ह आहे ते दाबलं की त्याच जागेचे आधीचे सगळे फोटो तारखेनुसार सरकवून बघता येतात. झूम कमी-जास्त केलं की तारीख बदलते हे लक्षात ठेवा, कारण लांबून दिसणारं चित्र वेगळंच, खूप फोटो मिसळून ढग काढून टाकलेलं असतं, त्यावर भरती-ओहोटी काही कळत नाही. आणि एकाच खाडीत दोन फोटो जोडलेले असतात, पाण्याच्या मधोमध सरळ रेघ दिसते, एका बाजूला पाणी हिरवट, दुसऱ्या बाजूला तपकिरी. अशी रेघ दिसली की समजा डावा काठ एका दिवसाचा आहे आणि उजवा दुसऱ्या दिवसाचा, दोन्ही काठांची तुलना करत बसू नका.

तारीख मिळाली की आता खरं काम. त्या तारखेची तिथी काढायची. कालनिर्णय जुनं असेल तर उत्तम, नाहीतर ऑनलाइन पंचांग. आपल्याकडे किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात परत एकपासून मोजायचं, अमावस्या म्हणजे परत पंधरा. तिथून सव्वासहा तास पुढे-मागे गेलं की ओहोटी. हा हिशोब मिनिटावर चालत नाही, मुंबई-रायगडकडे पाणी यापेक्षा पाऊण-एक तास उशिरानेच भरतं, आणि खाडीत आत जावं तसा उशीर आणखी वाढतो. पण फोटो वाचायला एवढं पुरतं.

आता सॅटेलाइट किती वाजता येतो ते बघा. जमिनीचे रंगीत फोटो काढणारे बहुतेक सॅटेलाइट सूर्याशी वेळ बांधून फिरतात, म्हणजे रोज साधारण त्याच वेळेला वरून जातात. युरोपचा सेंटिनेल-२ आपल्या किनाऱ्यावरून सकाळी अकरा-सव्वाअकराला जातो, अमेरिकेचा लँडसॅट त्याच्या थोडा आधी, गुगलला फोटो देणारे खाजगी सॅटेलाइट पण बरेचसे सकाळी दहा ते दुपारी या वेळातलेच. हे एकदा डोक्यात बसलं की तिथी आणि फोटो जोडता येतात. २०२४ ची रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे भरती सव्वापाचला, ओहोटी साडेअकराच्या आसपास. त्या दिवशीचा अकराचा फोटो असेल तर तो ओहोटीचा. त्याच वर्षी होळी पौर्णिमा २४ मार्चला होती, तेव्हा अकरा वाजता भरती. तोच काठ, महिन्याभराचं अंतर, एकात तुम्हाला चिखलाचं मैदान दिसेल आणि दुसऱ्यात तिवरांच्या बुंध्याला पाणी. दुसऱ्या प्रकारचा फोन करून मॅप जुना आहे म्हणणारा जो मित्र होता, त्याने रथसप्तमीसारख्या दिवसाचा फोटो बघितला होता आणि तो स्वतः पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता जाऊन उभा राहिला होता.

यातून एक गोष्ट अशी निघते की जी मला समजायला चार वर्षं लागली, आणि ती कळल्यावर मी रात्रभर जुने फोटो उघडून बघत बसलो होतो. सगळ्यात मोठी ओहोटी उधाणाला असते, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, आणि तेव्हा आपल्याकडे पाणी उतरतं पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला. सॅटेलाइट येतो अकराला. म्हणजे उधाणाच्या दिवशी तो नेहमी भरतीच बघतो. त्याला ओहोटी दिसते ती सप्तमी-अष्टमीला, आणि ती भांगाची ओहोटी, त्या दिवसांत पाणी जास्त चढत पण नाही आणि जास्त उतरत पण नाही. म्हणजे अमावस्येच्या संध्याकाळी सूर्य मावळताना खाडीच्या तोंडाशी जो लांबच लांब चिखल उघडा पडतो, ज्याच्यावर खरे पक्षी उतरतात, तो या सकाळच्या फोटोंत येतच नाही. दहा वर्षांचे फोटो चाळले तरी येत नाही. मी आधी असं समजायचो की अमुक जागी मॅपवर फक्त पाणी आहे म्हणजे तिथे काही नाही, आणि अशा जागा यादीतून काढून टाकायचो. आता उलट करतो, भांगाच्या ओहोटीच्या फोटोत जिथे पाणी उथळ, फिकट, गढूळ दिसतं तिथे खूण करून ठेवतो आणि अमावस्येला जाऊन बघतो.

मुंबईकडे हा फरक फार मोठा असतो कारण तिथे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, दक्षिणेला येता येता कमी होत जातं, मालवणकडे साधारण निम्म्यावर. त्यामुळे धरमतर किंवा राजपुरी खाडीत फोटो आणि प्रत्यक्ष यांच्यात जितका फरक पडेल तितका तेरेखोलला पडणार नाही. पण चिखलाचा उतार इतका सपाट असतो की एक हात पाणी उतरलं तरी पन्नास-शंभर मीटर जमीन मोकळी होते.

रडारचा एक उपाय आहे, जरा किचकट आहे पण माझ्या फार कामाला आला. सेंटिनेल-१ हा रडारचा सॅटेलाइट आहे, त्याला ऊन लागत नाही, ढगातून पण बघतो, आणि तो आपल्या बाजूला सकाळी साडेसहाच्या आसपास जातो. साडेसहा म्हणजे उधाणाच्या ओहोटीच्या जवळ जवळ! म्हणून पौर्णिमा-अमावस्येला लागून असलेल्या तारखेचं त्याचं चित्र मिळालं तर जे अकराच्या फोटोत कधीच दिसत नाही ते तिथे दिसू शकतं. चित्र काळं-पांढरं आणि ठिपक्याठिपक्यांचं असतं, तिवरं उजळ दिसतात, शांत पाणी काळं. अडचण अशी की गुळगुळीत ओला चिखल पण काळाच दिसतो, आणि वाऱ्याने पाणी खवळलेलं असेल तर पाणीच उजळ दिसतं, त्यामुळे एकाच चित्रावर भरवसा ठेवू नका, पाच-सहा तारखा एकापुढे एक ठेवा. हे दोन्ही सेंटिनेल कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर फुकट मिळतात. तारीख निवडायची, ढग कमी असलेला दिवस घ्यायचा. वेळ तिथे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. पाच-चाळीस दिसलं की आपले अकरा-दहा.

सेंटिनेल-२ ला एक मर्यादा आहे ती पण सांगतो, त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर. म्हणजे खाडीकाठी माणसाला अडवणारी जी गोष्ट असते, दोन-तीन मीटर रुंदीचा चर, ती त्यात दिसतच नाही. जागेचा अंदाज आणि पाण्याची हालचाल यासाठी सेंटिनेल, पायवाट आणि चर बघायला गुगलचे जवळचे फोटो, असं दोन्ही वापरायचं. एकाने भागत नाही. इस्रोची भुवन ही मॅपची साइट पण उघडून बघा, त्यावर कधी कधी तिसऱ्याच तारखेचा फोटो मिळतो आणि त्यात नेमकी ओहोटी सापडते.

आता रंगाचं. "पांढरं म्हणजे वाळू, काळं म्हणजे चिखल" हे डोक्यातून काढून टाका, निदान कोकणात तरी. रत्नागिरीत एकाच गावात पांढरा समुद्र आहे आणि मांडवीचा काळा समुद्र आहे, दोन्ही वाळूच, काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज असतं म्हणून ती काळी. भाट्ये, काळबादेवीकडे पण अशी वाळू आहे. वरून बघणाऱ्याला ती चिखलासारखीच वाटते आणि प्रत्यक्षात तिच्यावर गाडी उभी राहील इतकी घट्ट. तसंच काळ्या खडपांचं (किनाऱ्यावरच्या खडकांचं), ओल्या चिखलासारखाच रंग, फक्त खडपाला सावली असते, कडा तुटक असतात आणि भरतीच्या फोटोत त्याच्याभोवती पांढरा फेस दिसतो. आणि याच्या उलट, वाळलेला चिखल वरून पांढरट दिसतो! फेब्रुवारी-मार्चमध्ये खाजणातला (भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीतला) वरचा चिखल उन्हाने तडकतो, मीठ वर येतं, फोटोत अगदी वाळूसारखी चमक येते. माझी कालावलची पट्टी हीच होती. फोटो मार्चचा होता, मी गेलो नोव्हेंबरमध्ये, पावसाळ्याचा ताजा गाळ अजून बसला पण नव्हता.

मग ओळखायचं कशावरून? रंगापेक्षा आकार बघा. मऊ चिखलावर पाणी उतरताना ओघळ पाडत जातं आणि ते ओघळ झाडाच्या फांद्यांसारखे असतात, बारीक ओघळ मोठ्याला मिळतो, मोठा चराला मिळतो, चर वाकडातिकडा जाऊन खाडीला मिळतो. अशी नक्षी जिथे दिसेल तिथे खाली मऊ गाळ आहे असं समजूनच चला. वाळूवर अशी नक्षी टिकत नाही, वाळूवर लाटांच्या समांतर पट्ट्या दिसतात, कडा गोलसर असतात, आणि दर वर्षीच्या फोटोत तिची जागा थोडी थोडी हललेली असते. खाडीच्या तोंडाशी तर प्रत्येक पावसाळ्यानंतर वाळूची पट्टी नवीन आकार घेते, मालवणजवळचा देवबागचा संगम ज्यांनी दर वर्षी बघितलाय त्यांना हे सांगायला नको, त्यामुळे तोंडाशी जायचं असेल तर जून-सप्टेंबरच्या आधीचा फोटो धरूच नका, त्या पावसाळ्यानंतरचाच हवा. ज्या खाडीत रेती काढतात तिथे तर पाण्याखाली कुठे खड्डा आहे ते कुठल्याच फोटोत कळत नाही, तिथे मी पाण्यात पाय घालतच नाही.

तिवरांवरून पण अंदाज येतो. सलग दाट हिरवा पट्टा असेल तर त्याच्या जमिनीकडच्या बाजूने त्यातल्या त्यात घट्ट जागा मिळते, पाण्याकडच्या कडेला कमी उंचीची, विरळ, नवीन रोपं दिसत असतील तर तिथे गाळ नुकताच साचायला लागलाय, तिथे उतरू नका. कोपर्निकसवर फॉल्स कलर लावला की झाडी लाल दिसते आणि पाणी काळं, तेव्हा हा पट्टा चांगला सुटा दिसतो. आणि तिवरांच्या मधून वाट काढायची म्हणून फांद्या मोडत जाऊ नका, कांदळवनाला कायद्याने संरक्षण आहे, आणि तसंही जिथे फांदी मोडून जावं लागतं तिथे पुढे जमीन नसतेच.

बांधांबद्दल मात्र जास्त लिहायला पाहिजे कारण रायगडकडे सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. खारबंदिस्तीचा, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध मॅपवर इतका सरळ, स्वच्छ दिसतो की हाच चालायचा रस्ता असं वाटतं, आणि एकेकाळी असतोच. पण बांधाला कुठेतरी खांड (भगदाड) पडलेली असते. खांड चार-पाच मीटरची असली तरी तिच्यातून भरती-ओहोटीचं अख्ख्या शेताचं पाणी आत-बाहेर करतं, ओढ जबरदस्त, तिच्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. खांड थेट दिसली नाही तरी बांधाच्या आतलं शेत बघा. जुन्या फोटोत पावसाळ्यानंतर भाताच्या हिरव्या खाचरांचे चौकोन दिसतायत आणि नव्या फोटोत तिथेच तपकिरी डबकी आणि तिवरांची रोपं आलीयत, तर बांध फुटलाय, आणि फुटून बरीच वर्षं झालीयत. हे बघताना मला दर वेळी वाईट वाटतं, ते कोणाचं तरी शेत होतं. उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, कुठे आहे ते पण बघून ठेवा, बांधावर छोटा चौकोनी ठिपका आणि दोन्ही बाजूंना सरळ चर असं दिसतं. उघाडीच्या आसपास बांध सहसा चांगला ठेवलेला असतो आणि तिथपर्यंत येणारी पायवाट वापरातली असते, म्हणून मी चालायला सुरुवात नेहमी उघाडीपासून करतो.

खाडी ओलांडण्याचं पण एकदा तपासा. मॅपवर समोरचा काठ अर्ध्या किलोमीटरवर दिसतो आणि माणूस चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे, वेसवी-बागमांडला आहे, जयगड-तवसाळ आहे, दिघी-आगरदांडा आहे, पण शेवटची फेरी चुकली की वाशिष्ठीला चिपळूणवरून वळसा पडतो. ओहोटीची वेळ संध्याकाळची असेल तर ती बघून परत यायला फेरी मिळते का, हे आधी जेटीवर विचारून घ्या.

वाशिष्ठीचं नाव निघालं म्हणून सांगतो, तिथे मगरी आहेत. मालदोलीच्या बाजूला लोक मुद्दाम बोटीतून बघायला जातात. थंडीत ओहोटीला उन्हात पडून राहायला त्यांना चिखलाचा उतारच लागतो, म्हणजे आपण मॅपवर जी सुंदर मोकळी, शांत, माणूस नसलेली जागा शोधून काढतो नेमकी तीच. त्या खाडीत मी काठावर उतरत नाही, बोटीतून बघतो.

जागा ठरली की मग घरीच सगळं फोनमध्ये ऑफलाइन घेऊन ठेवा, खाडीत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. पिन नुसती पक्ष्यांच्या जागेला टाकू नका, गाडी कुठे लावायची, बांधावर कुठून चढायचं, चर कुठे आहे आणि परत फिरायची जागा कुठली, अशा चार पिना तरी टाका. मोजपट्टीचं टूल असतं त्याने काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. चारशे मीटर चिखल म्हणजे पाच-सहा मिनिटांत परत येता येईल असं वाटतं, तसं होत नाही, मऊ चिखलात माणसाचा वेग निम्म्याहून कमी होतो आणि दमायला फार लवकर होतं.

आणि भरती समोरून येते असं कधीही समजू नका. ती मागून येते. आधी चर भरतात, आपण समोर पाण्याकडे बघत असतो आणि पाठीमागचा जो चर येताना कोरडा ओलांडला होता त्यात कमरेएवढं पाणी झालेलं असतं. राजपुरी खाडीत आमच्या दोघांचं असं झालं होतं, समोर पाणी अजून शंभर मीटर लांब होतं आणि मागचा चर भरलेला, दुर्बिणी डोक्यावर धरून छातीपर्यंतच्या पाण्यातून आलो, थोडा आणखी उशीर झाला असता तर आलो नसतो. तेव्हापासून नियम एकच, पाणी उतरत असताना जायचं आणि पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधी मागे वळायचं, कितीही चांगले पक्षी समोर असले तरी. वेळेसाठी तिथीचा हिशोब फक्त फोटो वाचायला वापरा, स्वतः जायच्या दिवशी जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रकच बघा, आणि इन्कॉईसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा) उंच लाटांचा इशारा असेल तर जाऊच नका.

काठावर पोचल्यावर काठी लागतेच. पुढे काठी रोवून बघायची, वीतभर गेली तर पाऊल टाकायचं, हातभर गेली तर तिथून परत. निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसल्या तर तो मऊ गाळ, दिसायला कितीही सपाट असू दे. अनवाणी जाऊ नका, कालवांच्या कपच्या तळपाय चिरतात आणि खाडीच्या चिखलात जखम लवकर चिघळते. रुतलात तर पाय सरळ वर ओढू नका, जितकं ओढाल तितका दुसरा पाय खाली जातो. मागे टेकून बसा नाहीतर आडवे व्हा, वजन पसरू द्या, रुतलेला पाय गोल गोल हलवून त्याच्या बाजूने पाणी आत शिरू द्या, सैल झाला की हळू काढा आणि आलात त्याच दिशेने लोळत, सरपटत परत जा. कपडे खराब होतील, होऊ देत.

पण या सगळ्याच्या आधी, मॅप बंद करून गावात विचारा. तिसऱ्या-मुळे काढणाऱ्या बायका, पाग (फेकायचं जाळं) टाकणारे, कुर्ल्या धरणारे, यांना खाडीचा हातभर न हातभर भाग माहीत असतो. फोनवरचा फोटो दाखवून विचारू नका, वरून बघितलेलं चित्र त्यांच्या कामाचं नसतं, त्यांना जागेचं नाव सांगा, "मावशी, उघाडीच्या खाली पाय टिकतो का?" असं विचारा. मग त्या सांगतात, इथे वाळू आहे पण मध्ये चर आहे, तिकडून गेलात तर मांडीपर्यंत, अमावस्येला या, आज भांग आहे, आज काही उघडं पडायचं नाही. मी चार वर्षं कॉम्प्युटरवर बसून जे शोधून काढलं, ते एका मावशींनी मला दोन वाक्यांत सांगितलं होतं, फक्त तेव्हा मला भांग म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं म्हणून डोक्यावरून गेलं.

आता घरी आल्यावर मी प्रत्येक पिनचं नाव बदलतो, तिथे तिथी, वेळ आणि काठी किती गेली ते लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी फोटो उघडला की तुलना करता येते. कालावलच्या त्या पट्टीची पिन अजून आहे, फक्त आता तिच्यावर असं लिहिलंय: माघ शुद्ध ७, सकाळी ११, काठी पूर्ण गेली, उजवीकडून ४० पावलं सोडून घट्ट, आजींना विचारून.